६१४६ च्या ट्रान्समीटरमध्ये १० मीटरवर प्लेट करंटचा डिप आणि सर्वाधिक आउटपुट एका ठिकाणी येत नाहीत

लघुलहरी यांचा प्रश्न

नमस्कार. एका ज्येष्ठ हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) संग्रहातून माझ्याकडे घरगुती बांधणीचा एक जुना व्हॉल्व्ह ट्रान्समीटर आला असून तो पूर्ववत करताना मी एका ठिकाणी अडलो आहे. रचना त्या काळातल्या सर्वसाधारण ट्रान्समीटरसारखीच आहे. क्रिस्टल ऑसिलेटर, त्यानंतर ६सीएल६ चा ड्रायव्हर, शेवटी फायनल म्हणून, म्हणजे आउटपुटची शक्ती देणारा व्हॉल्व्ह म्हणून, एकच ६१४६, त्यापुढे पाय-नेटवर्क (लोडशी जुळवणी करणारे ट्यूनिंग सर्किट), आणि ए.एम.साठी, म्हणजे आवाज पाठवण्यासाठी, दोन ६एल६ चा पुश-पुल मॉड्युलेटर, जो फायनलच्या प्लेट व स्क्रीन या दोन्हींना मॉड्युलेट करतो. हाय टेन्शनला, म्हणजे प्लेटच्या उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याला, ५आर४जीवाय रेक्टिफायर आहे. ऑसिलेटर आणि ड्रायव्हर यांना सुमारे ३०० व्होल्टचा वेगळा पुरवठा आहे. छापील सर्किट उपलब्ध नाही. वायरिंगचा माग काढत मी एक आराखडा काढला आहे, तो बहुतांशी बरोबर असावा.

वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी बदलले, मेन्सची जुनी दोन तारांची दोरी काढून अर्थसह तीन तारांची लावली, फ्यूज फेजच्या तारेत घेतला, आणि व्हॅरिॲकवरून हळूहळू व्होल्टेज वाढवत सेट सुरू केला. ८० आणि ४० मीटरवर तो उत्तम चालतो. प्लेटला ६०० व्होल्ट, प्लेट करंट ११० मिलिअँपिअर, ग्रिड करंट ३ मिलिअँपिअर, आणि ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रोधावर) सुमारे ४५ वॉट मिळतात. प्लेट करंट जिथे किमान होतो, म्हणजे जिथे डिप येतो, तिथेच आउटपुट कमाल होते. २० मीटरवरही तक्रार करण्यासारखे काही नाही. १५ मीटरवर मात्र या दोन जागांमध्ये थोडे अंतर पडते, आणि १० मीटरवर ते इतके वाढते की डिपच्या जागी केवळ २८ वॉट मिळतात व ६१४६ ची प्लेट लालसर दिसू लागते. प्लेट ट्यूनिंगचा कंडेन्सर त्या जागेपासून थोडा मिटवला, म्हणजे पाती अधिक आत घेतली, की ग्रिड करंट ४ मिलिअँपिअरच्या वर चढतो. उघडला की २ च्या आसपास उतरतो.

न्यूट्रलायझिंगसाठी, म्हणजे प्लेटकडून ग्रिडकडे परत येणारा सिग्नल रद्द करण्यासाठी, प्लेटजवळ दोन पात्यांचा एक छोटा ट्रिमर आहे. पाती एकमेकांपासून दूर नेत गेलो की परिस्थिती थोडी सुधारते, पण ट्रिमर शेवटच्या टोकाला पोचतो तरी समतोल साधत नाही. याशिवाय ए.एम.वर आवाज दबलेला येतो, असे ऐकणारे सर्वच बँडवर सांगतात; तो दोष वेगळा असावा असे मी धरून चाललो आहे. आधीच्या मालकांनी कधीतरी सेट दुरुस्त करून घेतलेला दिसतो, कारण चॅसीच्या खाली ठिकठिकाणी पिवळे फिल्म कंडेन्सर लावलेले आहेत.

आता ६१४६ बदलावा, की ट्रिमर काढून त्याजागी आणखी कमी कपॅसिटीचा बसवावा? तपासणी कोणत्या क्रमाने करावी, यावर मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

गरमप्लेट यांचे उत्तर

१० मीटरवरच त्रास होत असेल तर फायनल व्हॉल्व्ह थकला असण्याची शक्यता मोठी वाटते, कारण उतरलेला व्हॉल्व्ह वरच्या बँडवर आधी उघडा पडतो. जागेवर ६१४६बी बसवून पाहा. त्याची प्लेट अधिक उष्णता सोसते, त्यामुळे ती लाल होण्याचा प्रश्नही मिटेल. त्यानंतर न्यूट्रलायझेशन नव्याने करा, आणि ट्रिमर टोकाला जात असेल तर त्याचे एक पाते थोडे कापून लहान करा. सेट उघडलाच आहे तर ५आर४जीवाय काढून त्या जागी सिलिकॉन डायोडही लावून घ्या. ट्रान्सफॉर्मरवरचा फिलामेंटचा भार कमी होतो आणि व्होल्टेजही चार पैसे जास्त मिळते.

तांब्याचीतार यांचे उत्तर

लघुलहरी, आपल्या वर्णनात सर्वांत मोलाची माहिती ग्रिड करंट कोणत्या बाजूला वाढतो ही आहे, आणि तिच्यामुळेच व्हॉल्व्ह बदलण्याआधी किंवा ट्रिमरच्या पात्याला कात्री लावण्याआधी थांबावे असे मी सुचवीन. थकलेल्या व्हॉल्व्हची लक्षणे वेगळी असतात. त्याचे आउटपुट सर्वच बँडवर घटते, आणि प्लेट करंट कितीही लोड केले तरी ठराविक आकड्यापलीकडे जात नाही. आपला ६१४६ खालच्या बँडवर ६६ वॉट इनपुटला ४५ वॉट देतो, म्हणजे त्याची कार्यक्षमता ६८ टक्क्यांच्या आसपास आहे. क्लास सी मध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह प्रत्येक आवर्तनाच्या थोड्याच भागात करंट वाहतो त्या पद्धतीत, याहून फार वेगळी अपेक्षा नसते. १० मीटरवर तेवढ्याच इनपुटला २८ वॉट बाहेर पडत असतील तर उरलेले ३८ वॉट मुख्यतः प्लेटवरच खर्च होतात. मूळ ६१४६ च्या प्लेटची मर्यादा अखंड वापरासाठी २० वॉट व हौशी वापरासाठी २५ वॉट आहे, आणि ए.एम.साठी ती याहूनही कमी धरतात. प्लेट लाल होण्याचे कारण तिथेच आहे. म्हणून दोष सापडेपर्यंत १० मीटरवर काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ मोर्स की दाबून ठेवू नये.

आता बाजूविषयी. प्लेट ट्यूनिंगचा कंडेन्सर रेझोनन्सच्या जागेपासून थोडा उघडला, की टँक सर्किट (प्लेटचे ट्यूनिंग सर्किट) चालू फ्रिक्वेन्सीला इंडक्टिव्ह दिसते, आणि मिटवला की कपॅसिटिव्ह दिसते. व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेट व ग्रिड यांमधल्या कपॅसिटीतून, जी ६१४६ मध्ये पाव पिकोफॅरडहूनही कमी असते, प्लेटकडून ग्रिडकडे जी ऊर्जा परत येते ती टँक इंडक्टिव्ह असताना ड्राइव्हला (ड्रायव्हरकडून ग्रिडला मिळणाऱ्या सिग्नलला) हातभार लावते आणि कपॅसिटिव्ह असताना विरोध करते. त्यामुळे न्यूट्रलायझेशन अपुरे असेल तर कंडेन्सर उघडताना ग्रिड करंट वाढायला हवा. आपल्याकडे तो मिटवताना वाढतो, म्हणजे येथे न्यूट्रलायझेशन अपुरे नसून गरजेपेक्षा जास्त होत आहे, आणि ट्रिमर किमान टोकाला नेल्यावर परिस्थिती सुधारते हे निरीक्षण त्याच्याशी पूर्णपणे जुळते. प्रश्न असा उरतो की ट्रिमर जवळजवळ उघडा असतानाही हे जास्तीचे न्यूट्रलायझेशन येते कोठून.

याला दोन जागा संभवतात. अशा एकेरी फायनलमध्ये बहुधा वॉरन ब्रूएन यांच्या नावाने ओळखली जाणारी ब्रिज पद्धत वापरलेली असते. तीत ड्रायव्हरच्या टँक कॉइलचे खालचे टोक थेट चॅसीला न जोडता काही शे पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून जोडतात, आणि न्यूट्रलायझिंग ट्रिमर ६१४६ च्या प्लेटपासून त्या खालच्या टोकाला येतो. ही मांडणी तराजूसारखी आहे. ट्रिमर आणि खालचा कंडेन्सर यांचे गुणोत्तर हे ग्रिड-प्लेट कपॅसिटी आणि ग्रिड-कॅथोड कपॅसिटी यांच्या गुणोत्तराएवढे झाले की समतोल साधतो. उदाहरणादाखल, ग्रिडकडची एकूण कपॅसिटी वायरिंगसह २० पिकोफॅरड धरली आणि खालचा कंडेन्सर ४७० पिकोफॅरडचा असला, तर ट्रिमर साडेपाच पिकोफॅरडच्या जवळपास लागतो. मात्र खालच्या मायका कंडेन्सरची कपॅसिटी कालांतराने निम्म्यावर आली असेल, तर ट्रिमरही निम्म्यावर आणावा लागेल, आणि तसे न केल्यास न्यूट्रलायझेशन जास्त होईल. आपण सर्व जण ट्रिमर फिरवत बसतो आणि दुसऱ्या पारड्याकडे पाहत नाही.

दुसरी जागा स्क्रीनची, आणि माझा संशय तिच्यावरच अधिक आहे. ६१४६ ची स्क्रीन, म्हणजे तळाची ३ क्रमांकाची पिन, रेडिओ फ्रिक्वेन्सीला चॅसीशी जणू जोडलेलीच असली पाहिजे. तिच्या बायपास कंडेन्सरच्या तारा लांब असतील तर वरच्या बँडवर ती कंडेन्सरमधून नव्हे, तर एका लहान कॉइलमधून चॅसीला जोडल्यासारखी होते. प्लेट-स्क्रीन कपॅसिटीतून वाहणारा करंट त्या इंडक्टन्सवर जे व्होल्टेज उभे करतो ते प्लेटच्या व्होल्टेजच्या विरुद्ध फेजमध्ये असते, आणि ते ग्रिडपर्यंत पोचून न्यूट्रलायझिंग ट्रिमरचेच काम करते. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की मायका कंडेन्सरची कपॅसिटी बदलली तर ब्रिज सर्वच बँडवर सारख्याच प्रमाणात बिघडतो, परंतु स्क्रीनच्या तारेचा परिणाम फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ७ मेगाहर्ट्झच्या तुलनेत २८ वर तो १६ पट. ८०, ४०, २० मीटरवर काही नाही, १५ वर थोडे, १० वर प्रचंड, हा आपण सांगितलेला चढ मला म्हणूनच मायकापेक्षा स्क्रीनकडे बोट दाखवणारा वाटतो. मात्र खालच्या बँडवर फीडबॅक मुळातच दुबळा असल्याने ब्रिजचा बिघाडही तिथे लपून राहू शकतो. तेव्हा दोन्ही जागा मोजूनच ठरवावे.

म्हणून सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करून, आधी या गोष्टी पाहाव्यात: ड्रायव्हर कॉइलच्या खालच्या टोकाचा मायका कंडेन्सर एक टोक सोडवून मोजा, ३ क्रमांकाच्या पिनवर कोणता कंडेन्सर आहे, त्याची किंमत काय, आणि त्याच्या तारा दोन्हीकडून मिळून किती लांब आहेत ते लिहून काढा, १, ४ आणि ६ या कॅथोडच्या तिन्ही पिना स्वतंत्रपणे चॅसीला गेल्या आहेत का, आणि ८ क्रमांकाची पिन, जी तळाच्या धातूच्या कड्याला जोडलेली असते, ती अर्थ आहे का हे पाहा. ड्रायव्हरकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे का हे कळण्यासाठी ६१४६ सॉकेटमधून काढून, ड्राइव्ह नसताना, ५ क्रमांकाच्या पिनवर व्होल्टेज मोजा. तिथे थोडेही धन व्होल्टेज आढळले तर तो कंडेन्सर आधी बदलावा, बाकीचे नंतर. ग्रिडचा रोध आणि मीटरचे शंटही (मीटरला समांतर लावलेले रोध) मोजून घ्यावेत, कारण त्या काळचे कार्बन कंपोझिशनचे रोध वर्षानुवर्षांत वर सरकतात आणि शंट बदलला असेल तर आपण ज्या ३ मिलिअँपिअरवर विश्वास ठेवतो तेच खोटे असतात.

६१४६बी विषयी एवढेच, की त्याची प्लेट ३५ वॉट सोसते हे खरे असले तरी मूळ ६१४६ साठी बांधलेले काही ट्रान्समीटर तो लावल्यावर अस्थिर होतात, असा अनेकांचा अनुभव आहे. आधीच बिघडलेल्या ब्रिजमध्ये वेगळ्या घडणीचा व्हॉल्व्ह घालून गुंता वाढवू नये. ६१४६डब्ल्यू असा छाप असलेला मिळाला तर आणखी सावध राहावे, कारण त्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळी रचना विकली गेली आहे.

शून्यबिंदू यांचे उत्तर

वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे. रेक्टिफायरच्या सूचनेशी मात्र नाही. ५आर४जीवाय स्वतःवर काही दशक व्होल्टचा उतार घेतो आणि तापायलाही थोडा वेळ घेतो. त्या जागी सिलिकॉन डायोड लावले की हाय टेन्शन तेवढे वाढते, आणि व्हॉल्व्हचे फिलामेंट थंड असतानाच ते पूर्ण उंचीने फिल्टर कंडेन्सरवर येते. भार नसलेल्या त्या क्षणांत कंडेन्सरांना त्यांच्या मर्यादेच्या पलीकडचे व्होल्टेज सोसावे लागते. फिल्टरसाठी दोन इलेक्ट्रोलिटिक मालिकेत लावलेले असतील, तर त्यांच्यावरचे समतोल राखणारे रोधही मोजून घ्यावेत. एक रोध वर सरकला असेल तर त्याच्या वाट्याचा कंडेन्सर जास्त व्होल्टेज घेतो आणि कधीतरी फुटतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायर चालू स्थितीत असेल तर तो तसाच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूट्रलायझेशन करताना ज्या दोन गोष्टींवर फारसे बोलले जात नाही त्या येथे सांगतो. पहिली अशी की फायनलचा प्लेटचा पुरवठा तोडायचा तर स्क्रीनचाही तोडलाच पाहिजे. प्लेटवर व्होल्टेज नसताना स्क्रीनवर ते राहिले तर कॅथोडमधून निघणारा सगळा करंट स्क्रीनकडे जातो, आणि ती बारीक जाळी पाहता पाहता जळते. आपल्या सेटमध्ये स्क्रीनचा पुरवठा मॉड्युलेट झालेल्या त्याच लाइनवरून रोधातून येत असेल तर एक जोड सोडवून दोन्ही तुटतात, पण आराखड्यावर विसंबून न राहता ३ क्रमांकाच्या पिनवर मीटर लावून ते शून्य आहे हे पाहावे. दुसरी अशी की फायनलचा पुरवठा तोडलेला असताना मॉड्युलेटर चालू ठेवू नये. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर भार नसताना मायक्रोफोनमध्ये कोणी नुसते खोकले तरी आत ठिणगी उडून त्याचे इन्शुलेशन कायमचे जाऊ शकते. असा ट्रान्सफॉर्मर आता बदलून मिळणे फार कठीण आहे. स्विच सी.डब्ल्यू.वर (मोर्सवर) ठेवावा आणि ६एल६ सॉकेटमधून काढूनच ठेवावेत.

ब्लीडर रोधावर, म्हणजे सेट बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणाऱ्या रोधावर, आंधळा विश्वास नको. तो तुटला असेल तर सेट बंद केल्यानंतरही ६००-७०० व्होल्ट कंडेन्सरमध्ये बराच वेळ टिकून राहतात. इन्शुलेटेड दांड्यावर काही हजार ओहमचा, पुरेशा वॉटेजचा रोध लावून आधी त्यातून कंडेन्सर रिकामा करावा, मग मीटरने पाहावे, आणि काम चालू असेपर्यंत हाय टेन्शनची लाइन क्लिप लावून चॅसीला जोडून ठेवावी. क्लिप काढायची आठवण राहावी म्हणून तिला लाल फडके बांधावे. सेट चालू असताना मोजमाप करायचेच असेल तर दुसरा हात पाठीमागे ठेवावा. आपल्या सेटमध्ये की कॅथोडच्या मार्गात असेल, तर की उघडी असताना तिच्या एका टोकावर चांगलेच व्होल्टेज येते, म्हणून हाताला लागणारी कीची बाजू चॅसीकडे जोडलेली आहे ना, तेही तपासावे.

लघुलहरी यांचा पाठपुरावा

आपण सांगितलेल्या क्रमाने मोजमापे घेतली. ड्रायव्हर कॉइलच्या खालच्या टोकाचा मायका कंडेन्सर ४७० पिकोफॅरडचा असून तो ४६२ दाखवतो, म्हणजे तो निर्दोष आहे. ५ क्रमांकाच्या पिनवर ड्राइव्ह नसताना व्होल्टेज शून्य आहे. कॅथोडच्या तिन्ही पिना सॉकेटच्या कडेच्या लगवर आखूड तारांनी गेल्या आहेत आणि ८ क्रमांकाची पिनही चॅसीला आहे. ग्रिडचा रोध २२ किलोओहमचा हवा, तो २९ निघाला. शंट ठीक आहेत.

३ क्रमांकाच्या पिनवर मात्र पिवळा फिल्म कंडेन्सर आहे आणि त्यावर ०.०१ मायक्रोफॅरड असे छापलेले आहे. त्याचे दुसरे टोक सॉकेटजवळ नसून चॅसीच्या मधोमध असलेल्या टॅग स्ट्रिपवर नेलेले आहे. दोन्हीकडच्या तारा मिळून साधारण १२ सेंटिमीटर भरतात. सॉकेटच्या कडेच्या एका लगवर सोल्डरच्या जुन्या डागाचे अवशेष दिसतात, त्यामुळे मूळ कंडेन्सर तिथेच असावा. स्क्रीनचा रोध ३० किलोओहमचा आहे आणि तो मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून, म्हणजे मॉड्युलेट झालेल्या लाइनवरून येतो. मूळ किंमत किती असावी आणि त्या जागी आता काय लावावे?

तांब्याचीतार यांचे उत्तर

तर मग दोष सापडला असे म्हणायला हरकत नाही. साध्या तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरतात. १२ सेंटिमीटरचे १२० नॅनोहेन्री झाले आणि २८ मेगाहर्ट्झला त्यांचा रिॲक्टन्स (ए.सी.ला होणारा विरोध) २१ ओहम भरतो, तर ०.०१ मायक्रोफॅरडचा स्वतःचा रिॲक्टन्स तिथे जेमतेम अर्धा ओहम आहे. म्हणजे कंडेन्सर केवळ नावाला असून स्क्रीन २१ ओहमच्या कॉइलवर टांगलेली आहे. त्या दोघांचा रेझोनन्स साडेचार मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे ८० मीटरवर सगळे सुरळीत वाटते आणि तिथून वर जाताना बिघाड वाढत जातो.

त्या जागी ०.००१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक डिस्क लावा. मॉड्युलेशनच्या शिखरावर स्क्रीनचे व्होल्टेज जवळपास दुप्पट होत असल्याने डिस्क किमान १ किलोव्होल्टचा असावा. एक टोक ३ क्रमांकाच्या पिनवरच, दुसरे सॉकेटच्या स्क्रूखालच्या लगवर, म्हणजे जिथे जुना डाग आहे तिथे. दोन्ही तारा मिळून २५ मिलिमीटरच्या आत राहिल्या तर २५ नॅनोहेन्री आणि ०.००१ मायक्रोफॅरड यांचा रेझोनन्स ३२ मेगाहर्ट्झच्या जवळ येतो, आणि त्यामुळे २८ वर दोघांचे रिॲक्टन्स एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. जुन्या बांधणीत ही किंमत इतक्या वेळा का आढळते याचे हे एक कारण आहे. बायपास जेवढा मोठा तेवढा चांगला, ही समजूत वीजपुरवठ्याच्या फिल्टरपुरती ठेवावी.

आपण ज्याला वेगळा दोष समजत होता तो दबलेला आवाजही याच कंडेन्सरचा असणार. स्क्रीनला ३० किलोओहमच्या रोधातून ऑडिओ पोचते, आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा रिॲक्टन्स ३००० हर्ट्झला ५३०० ओहम इतकाच असतो, त्यामुळे आवाजातले वरचे स्वर स्क्रीनपर्यंत पोचण्याआधीच चॅसीत उतरतात. प्लेटला ते मिळतात, पण ६१४६ सारख्या टेट्रोडमध्ये (चार इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हमध्ये) स्क्रीनने साथ दिल्याशिवाय प्लेटचे मॉड्युलेशन पूर्ण होत नाही. ०.००१ चा रिॲक्टन्स त्याच ठिकाणी ५३ किलोओहम आहे आणि तो ऑडिओच्या वाटेत फारसा येत नाही.

ग्रिडचा रोधही बदलून घ्यावा. ३ मिलिअँपिअरला २२ किलोओहमवर ६६ व्होल्ट बायस (ग्रिडचे ऋण व्होल्टेज) मिळतो, २९ वर तो ८७ होतो. व्हॉल्व्हला त्याने अपाय नाही, पण तेवढा ग्रिड करंट मिळवण्यासाठी ड्रायव्हरला अधिक राबावे लागते, आणि १० मीटरवर ६सीएल६ कडे तेवढा वाव बहुधा नसतो.

हे दोन्ही बदल झाल्यावरच न्यूट्रलायझेशन करा. शून्यबिंदू यांनी सांगितल्याप्रमाणे प्लेट आणि स्क्रीन तोडून, फिलामेंट पेटलेले ठेवून, १० मीटरवर ड्राइव्ह देऊन ग्रिड करंट ३ मिलिअँपिअरवर आणा. आउटपुटच्या सॉकेटवर जर्मेनियम डायोडचा आर.एफ. प्रोब लावा किंवा ऑसिलोस्कोप असल्यास तो. प्लेट आणि लोडिंगचे कंडेन्सर फिरवून फायनलमधून गळत येणारा सिग्नल सर्वांत मोठा करा, मग इन्शुलेटेड पेचकसाने ट्रिमर फिरवून तो सर्वांत लहान करा. प्रत्येक वेळी प्लेट व ग्रिड दोन्ही पुन्हा ट्यून करावे लागतील, कारण ट्रिमर हलवला की दोन्ही सर्किटांचे रेझोनन्स किंचित सरकतात. आता समतोल ट्रिमरच्या मधल्या भागात कुठेतरी मिळायला हवा. तो पुन्हा टोकालाच गेला तर ट्रिमरला दोष न देता मला कळवा.

लघुलहरी यांचा पाठपुरावा

डिस्क कंडेन्सर आणि ग्रिडचा रोध बदलले. समतोल ट्रिमरच्या साधारण मध्यावर मिळाला आणि तिथे प्रोबवरचा सिग्नल जवळजवळ दिसेनासा झाला. पुरवठा पुन्हा जोडल्यावर १० मीटरवर ११० मिलिअँपिअरला ४२ वॉट मिळतात, प्लेट लाल होत नाही, आणि प्लेट ट्यूनिंग फिरवताना ग्रिड करंटची सुई डिपच्या दोन्ही बाजूंना सारखीच थोडीशी खाली येते. ए.एम.वरचा आवाज मोकळा झाल्याचे ऐकणाऱ्यांनी आपणहून सांगितले. मात्र कमाल आउटपुटची जागा अजूनही डिपपासून पात्याच्या अगदी किंचित अंतरावर आहे. लोडिंग वाढवले की ते अंतर थोडे वाढते, कमी केले की मिटते. याचा अर्थ न्यूट्रलायझेशन अजून अपुरे आहे का? शिवाय प्लेटच्या टोपीजवळ रोधावर गुंडाळलेली काही वेढ्यांची जी कॉइल आहे, तिला हात लावावा का?

शून्यबिंदू यांचे उत्तर

लोडिंगबरोबर बदलणारे हे अंतर न्यूट्रलायझेशनचे नाही. पाय-नेटवर्कला भार जसजसा वाढतो तसतसा त्याचा क्यू (रेझोनन्सची तीक्ष्णता) उतरतो, डिप उथळ होतो, आणि कमी क्यू असलेल्या टँकमध्ये किमान करंटची व कमाल आउटपुटची जागा तंतोतंत एक राहत नाही. न्यूट्रलायझेशनचा निवाडा ग्रिडच्या सुईवरून करावा, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी उतरत असेल तर ट्रिमर आहे तिथेच राहू द्यावा. स्क्रीन करंट मोजण्याची सोय केलीत तर ट्यूनिंगसाठी तो प्लेट करंटपेक्षा अधिक स्पष्ट खूण देतो, कारण रेझोनन्सला तो कमाल होतो.

प्लेटच्या टोपीजवळची ती कॉइल व्ही.एच.एफ.वरची (३० मेगाहर्ट्झच्या वरची) पॅरासिटिक, म्हणजे नको असलेली, दोलने थांबवण्यासाठी असते. वेढे हलवू नयेत. आतला रोध तेवढा एक टोक सोडवून मोजावा. तो सहसा ४७ ते १०० ओहमचा, कार्बनचा असतो. फार वर सरकला असेल किंवा करपला असेल तर तेवढ्याच किमतीचा दुसरा कार्बन कंपोझिशनचा लावावा, वायरवाउंड मात्र चालणार नाही, कारण त्याचा स्वतःचाच इंडक्टन्स असतो.